बर्फावरचं बारसं

दुसरी मुलगी झाली तेव्हा माझं आणि गुद्रुनचं दोन गोष्टींवर एकमत झालं. एक म्हणजे मुलगी देखणी आहे, आणि दुसरी म्हणजे तिचं नाक माझ्यावर गेलेलं नाही. इस्पितळाच्या त्या खोलीत आम्ही एकमेकांकडे बघून प्रेमाने हसलो. मी म्हणालो, "पारास्केविया." त्याच वेळी ती म्हणाली, "हालफ्रिदुर."

त्यानंतर बराच वेळ त्या खोलीत कुणी हसलं नाही.

"पारास्केविया?" गुद्रुन म्हणाली. "हे खोकल्याचं औषध आहे का?"

हॅलस्टेड गावात औषधांचं दुकान एकच, आणि ते माझं. गावातली खोकल्याची सगळी औषधं माझ्या हातून जातात आणि त्यांतल्या एकाचंही नाव पारास्केविया नाही, हे मी तिला धंद्यातल्या माणसाच्या शांतपणाने सांगितलं. एवढ्यावर थांबलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण जिभेला हाड नसतं. मी म्हणालो, "हे औषध नाही. पण हालफ्रिदुर म्हणजे मात्र नक्की खोकला आहे."

नर्सने मला बाहेर जाऊन बसायला सांगितलं.

पारास्केविया हे माझ्या आजीचं नाव. माझे आईवडील रेल्वेच्या रुळांवर कामाला असायचे, त्यामुळे मला वाढवलं, मारलं आणि लसूण खाऊ घालून जगवलं ते तिने. युक्रेनमधून ती सस्कॅचवानच्या या उघड्या माळावर आली तेव्हा इथल्या दुकानदाराला तिचं नाव घेता येईना. त्याने दोनदा प्रयत्न केला आणि तिसऱ्या वेळी सरळ 'पर्ल' म्हणाला. मग पोस्टमन पर्ल म्हणाला, डॉक्टर पर्ल म्हणाला, आणि सबंध आयुष्य ती या गावात पर्ल म्हणून वावरली. खरं नाव फक्त थडग्यावर आहे, आणि ते आमच्या लिपीत आहे. ती लिपी वाचता येणारी बहुतेक मंडळी तिच्या आजूबाजूलाच पुरलेली आहेत. या गावाने एकदा तरी ते नाव पूर्ण आणि मोठ्याने घ्यावं, एवढीच माझी इच्छा होती. ती इच्छा लहान होती, पण फार मनापासूनची होती.

हालफ्रिदुर ही गुद्रुनची आत्या. गुद्रुनचे लोक आइसलँडचे, म्हणजे थंडीला थंडी न म्हणणारे. कर्लिंग म्हणजे जड दगड बर्फावरून घसरवत दूरच्या वर्तुळांत नेऊन बसवायचा, आणि तो लांब जावा म्हणून त्याच्यापुढचा बर्फ झाडूने घासायचा खेळ. गावातल्या कर्लिंग क्लबात पुरुषांना नको असेल तेव्हाच बायकांना बर्फ मिळायचा, त्या काळात या आत्याने बायकांचा पहिला संघ उभा केला आणि आईविना वाढणाऱ्या गुद्रुनला हाताशी धरून दगड सोडायला शिकवलं. मीही आत्याला मानायचो. पण एखाद्या बाईला मानणं वेगळं आणि पोटच्या पोरीला आयुष्यभर तिचं नाव वागवायला लावणं वेगळं.

थोरलीच्या वेळी असं काही झालं नव्हतं. 'दारिया' हे नाव दोघांनाही एकदम आवडलं, आणि आपण फार समजूतदार जोडपं आहोत असा आमचा समज झाला. एका मुलीवर माणसाला असा समज परवडतो.

मुलगी घरी आली. तिला 'ती' म्हणायला सुरुवात झाली. "ती उठली," "ती ओली झाली," "ती कुणाकडे बघतेय?" पाच वर्षांच्या दारियाने एक दिवस विचारलं, "आपल्याकडे नावं संपली का?"

आता कुणी म्हणेल, एक नाव पहिलं ठेवा, एक मधलं ठेवा. हे मला इतक्या लोकांनी सुचवलं की शेवटी मी दुकानात कुणी "मधलं" असा शब्द उच्चारला तरी गोळ्या मोजता मोजता चुकायचो. मधलं नाव म्हणजे माळ्यावर टाकलेली खुर्ची. असते, पण तिच्यावर कुणी बसत नाही. माझी आजी माळ्यावर जाणार नव्हती आणि गुद्रुनची आत्या तर जिवंतपणीही कुणाच्या मागे उभी राहिली नव्हती.

औषधाच्या दुकानदाराचं दुर्दैव असं, की त्याला गल्ल्यामागून पळता येत नाही. गिऱ्हाइक येतं, पुडी बांधून होईपर्यंत उभं राहतं, आणि तेवढ्या वेळात सल्ला देतं. ओल्हामावशी आमच्या आजीची मैत्रीण, गुडघ्यांच्या तेलासाठी यायची. ती म्हणाली, "अरे ओरेस्ट, सोमवार ते शनिवार एक नाव ठेव आणि रविवारी दुसरं. चर्चचं वेगळं, घरचं वेगळं."

"आणि शाळेत, मावशी?"

"शाळेत काय, मास्तरणी ठेवतील त्यांना हवं ते. आमची नाही का ठेवली?"

क्लिफर्ड टेट हा ट्रॅक्टर विकायचा आणि कर्लिंग क्लबाचा अध्यक्ष होता. तो म्हणाला, "सोपं नाव ठेव की लेका. शर्ली ठेव. शर्ली कुणालाही म्हणता येतं." मी त्याला विचारलं, तुझ्या घरात कोण शर्ली आहे? तर म्हणाला, माझी कुत्री. फार गुणाची आहे.

नगर कार्यालयातल्या मिसेस प्रेस्कॉट तर रोज घसा बसल्याचं निमित्त काढून यायच्या. "मिस्टर मेल्निचुक, नावाची जागा रिकामी ठेवून मला कागद वर पाठवता येत नाही. मी विचारून पाहिलं. ते म्हणाले, मुलगी आहे की नाही?"

"आहे."

"मग नाव हवं, म्हणाले. असलेल्या गोष्टीला नाव असतं." एवढं तत्त्वज्ञान ऐकवून त्या घशाच्या गोळ्या न घेताच जायच्या.

शेवटी मी धर्माचा आधार घ्यायचं ठरवलं. आमचे फादर यारोस्लाव आणि गुद्रुनच्या लोकांचे लूथरन पाद्री आइनार यांना एकत्र चहाला बोलावलं. माझा हिशोब असा, की निदान फादर तरी आपल्या बाजूने उभे राहतील. दोघांनी गुद्रुनचा आळूबुखाऱ्याच्या थरांचा केक मन लावून खाल्ला, एकमेकांकडे पाहिलं, आणि फादर म्हणाले, "ओरेस्ट, आम्ही दोघे यात पडणार नाही."

"का?"

"मंगळवारच्या संघात मी पहिला खेळतो आणि आइनार दुसरा. वर्षानुवर्षं आम्ही शेजारी शेजारी बर्फ घासतोय. देवाच्या कृपेने एवढ्या काळात आमचा एकदाही वाद झालेला नाही. तो तुमच्या घरापायी होऊ नये."

"मग आम्ही काय करायचं?" मी विचारलं.

गुद्रुन 'ती'ला खांद्यावर थोपटत खिडकीशी उभी होती. मागे न वळता ती म्हणाली, "खेळून ठरवू."

मला वाटलं, ती पत्त्यांबद्दल बोलतेय. मी लगेच हो म्हणालो. पत्त्यांत मी बरा आहे. ती बर्फाबद्दल बोलत होती.

गुद्रुन बर्फावर काय चीज होती हे सांगितल्याशिवाय माझ्या चेहऱ्याचा रंग का उडाला ते कळणार नाही. बायकांच्या संघाची ती कर्णधार. त्या लांबलचक पट्टीच्या टोकाला, आम्ही ज्याला घर म्हणतो त्या रंगीत वर्तुळांत, ती झाडू टेकून उभी राहिली, की बर्फ तिच्याशी बोलतो असं लोक म्हणायचे. दगड कुठे वळेल, कुठे मरेल, हे तिला सुटायच्या आधी दिसायचं. आणि तिचा आवाज! "घासा!" म्हणाली की शेजारच्या पट्टीवरचे लोकही चुकून घासायला लागायचे. "बस्स!" म्हणाली की झाडू हवेत थांबायचे. मी तिच्या प्रेमात पडलो तो ती ओरडत असतानाच, आणि ती माझ्यावर ओरडत नव्हती हे त्यातलं मुख्य.

आणि मी? मी पुरुषांच्या चौथ्या संघात खेळायचो. आमच्या क्लबात पुरुषांचे चारच संघ होते.

आमचं ठरलं ते एवढंच, की रविवारी दुपारी बर्फ रिकामा असतो तेव्हा दोघांनी गुपचूप जायचं, चार दगड इकडून, चार तिकडून, जो जिंकेल त्याचं नाव. ही गोष्ट मी फक्त क्लिफर्डला सांगितली, कारण किल्ली त्याच्याकडे असते. क्लिफर्डने फक्त कार्यकारिणीला सांगितली. कार्यकारिणीची सभा भरली आणि तिने असा ठराव केला, की क्लबाच्या बर्फावर नवरा-बायको असे एकेकटे खेळणं खेळाला शोभत नाही. खेळायचं तर चार विरुद्ध चार, आठ डाव, रीतसर. नाव ज्याचं, तो त्या संघाचा कर्णधार.

"पण मी कधी कर्णधार नव्हतो," मी म्हणालो.

"बापही कधी नव्हतास. झालास ना?" क्लिफर्ड म्हणाला. मग खाली मान घालून त्याने सांगितलं, की तो माझ्या संघात खेळेल. मला भरून आलं. नंतर कळलं, की आदल्या वर्षी गुद्रुनने त्याला अंतिम सामन्यात हरवलं होतं आणि तेव्हापासून त्याला नीट झोप लागत नव्हती.

फादर आणि पाद्री जोडीनेच मिळायचे, वादात नाही पण खेळात पडू म्हणत तेही माझ्याकडे आले. यावरून लूथरन चर्चमध्ये कुजबुज झाली. आपल्या आइसलँडिक हालफ्रिदुरविरुद्ध आपलाच पाद्री? पाद्री आइनारनी व्यासपीठावरून स्पष्ट केलं, "बर्फावर मी लूथरन नसतो. दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू असतो."

मग हे प्रकरण माझ्या हातातून सुटलं ते सुटलंच. इस्पितळाच्या महिला मंडळाने सामन्याला तिकीट लावलं. आमच्या चर्चच्या बायकांनी पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या आमच्या उकडलेल्या करंज्या, करायला घेतल्या, त्यांच्या बायकांनी आळूबुखाऱ्याचे केक, आणि कुणाचं टेबल दाराजवळ यावरून वेगळाच सामना झाला. शेजारच्या गावचे लोक निघाल्याची बातमी आली. ज्या गावात बर्फाची गाडी आठवड्यातून दोनदा रस्ता साफ करते, तिथे रविवारसाठी तिसऱ्यांदा आली. दुकानात माझ्याकडे कुणी औषध मागेना, सगळे म्हणायचे, "हात कसा आहे?"

हात वाईट होता. रोज संध्याकाळी मी सराव करायचो आणि दारिया बाकावर बसून बघायची. एकदा तिने मला सांगितलं, "बाबा, आई म्हणते तू दगड सोडतोस ते मांजर दाराबाहेर सोडल्यासारखं. सोडतोस आणि मग काळजी करत बसतोस."

मी दुखावलो. आणि थोडा आधारही वाटला. म्हणजे ती अजून माझ्याबद्दल बोलत होती तर! कारण घरात तिचं-माझं बोलणं "मीठ दे" वर आलं होतं. शिवाय ती रोज दुपारी बाळाला घेऊन कुठेशी जायची. सरावालाच, दुसरं काय? मी एकदा म्हटलंसुद्धा, "नुकतं बाळंतपण झालंय तुझं. डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात, तुझ्याशी खेळायला हरकत नाही. खऱ्या संघाशी इतक्यात नको."

रविवारी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. काचेमागच्या गॅलरीत एका बाजूला आमचे लोक, एका बाजूला त्यांचे, आणि ज्यांना कुठलंच नाव म्हणता येत नव्हतं ते पिरोगींच्या टेबलापाशी. आमची मुलगी ओल्हामावशीच्या मांडीवर गाढ झोपली होती. जिच्यासाठी चाललं होतं तिला काही पडलेलं नव्हतं.

पहिले चार डाव मी काय केलं ते मला आठवत नाही, आणि ज्यांना आठवतं ते सांगतात तेव्हा मी उठून जातो. एवढं खरं, की माझा एक दगड भलतीकडे गेला, दुसऱ्या दगडावर आपटला, तिथून घरंगळत नेमका घराच्या मध्याशी येऊन बसला. मी क्षमा मागायला तोंड उघडणार, तोच गॅलरीत टाळ्या पडल्या. "काय डाव टाकला!" कुणी तरी ओरडलं. क्लिफर्ड माझ्या कानात म्हणाला, "गप्प राहा आणि विचारात पडल्यासारखा चेहरा कर." मी बाकीचा सामना तोच चेहरा करून खेळलो. क्लिफर्ड मात्र पेटला होता. फादर आणि पाद्री खांद्याला खांदा लावून असे घासत होते, की दोघांच्या कपाळांवरून एकाच धर्माचा घाम गळत होता.

आठव्या डावाला बरोबरी होती.

माझे दगड संपले होते. मध्याला ज्याचा दगड सगळ्यांत जवळ, त्याचा डाव; आणि घराच्या मध्याशी सगळ्यांत जवळ माझा दगड होता, त्याच्या हातभर मागे गुद्रुनचा. शेवटचा एकच दगड उरला होता आणि तो गुद्रुनचा होता. तो जाऊन माझ्या दगडाला ढकलून काढणार, किंवा नाही. काढला तर हालफ्रिदुर, नाही तर पारास्केविया. लहान मुलालाही कळेल इतकं साधं.

मी घराच्या मागे उभा होतो. पट्टीच्या त्या टोकाला ती खाली वाकली. तिने दगड मागे घेतला आणि सोडला, आणि मला कळलं की आपण हरलो. काही दगडांकडे बघूनच कळतं. "घासा!" ती ओरडली, आणि ओरडून थांबली नाही. दगड थोडा मंद पडतोय असं वाटून ती स्वतःच उठली, धावत त्याच्यापाशी पोचली आणि आपल्या संघातल्या घासणाऱ्या दोघींच्या जोडीने घासू लागली. तिघींचे झाडू बर्फावर सपासप पडत होते. दगड वळला, घरात शिरला, माझ्या दगडावर ठण्णकन बसला. माझा दगड पार मागे गेला. तिचा तिथेच राहिला.

गॅलरीची काच हादरली. त्यांच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आमच्या बाजूला फादरांनी टोपी काढली. आणि माझ्या मनात आलं, आजी, नाही जमलं गं.

मग मी पाहिलं, पट्टीच्या मध्यावर गुद्रुन एकटीच उभी होती आणि तिचा हात वर होता.

"झाडू लागला," ती म्हणाली. "माझा. धावताना. दगड बाद."

आमच्याकडे असल्या सामन्याला पंच नसतो. हलत्या दगडाला आपला झाडू लागला तर ज्याचा त्याने सांगायचं, हीच पद्धत. पण हे कुणी पाहिलं नव्हतं. तिची जोडीदार थोरा तर हातभर अंतरावर होती. ती कळवळून म्हणाली, "काही नाही लागला गुद्रुन! मी होते ना तिथे. नाही लागला!"

"तुला दिसलं नाही. मला हाताला कळलं."

"जरासा लागला असेल. त्याने काय होतंय?"

"जरासा म्हणजे लागला ना?"

वर गॅलरीत किटलीचं झाकण वाजत होतं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ही बाई महिनाभर माझ्याशी मिठापलीकडे बोलली नव्हती. या एका दगडासाठी ओल्या बाळंतपणातून उठून उभी राहिली होती. जिंकलेली होती. आणि जे तिच्या हाताशिवाय जगात कुणालाही ठाऊक नव्हतं, ते भर गावात तिने सांगून टाकलं. मला तिचा इतका अभिमान वाटला, की माझी आजी, माझं नाव, सगळं त्या क्षणी मागे पडलं. मी ठरवून टाकलं, जिंकायला हवं ते हिनेच.

संधी माझ्याच हातात होती. बाद दगडाने जे हललं असेल ते जागेवर ठेवायचं काम समोरच्या कर्णधाराचं, म्हणजे माझं. मी मागे गेलेला माझा दगड आणला, विचारात पडल्यासारखा चेहरा केला, आणि तो गुद्रुनच्या दुसऱ्या दगडाच्याही मागे नेऊन ठेवला. आता मध्याशी जवळचा दगड तिचा होता. हालफ्रिदुर जिंकली. मी हात झटकले.

"ओरेस्ट," गुद्रुन म्हणाली, "तो इथे नव्हता."

"इथेच होता."

"हातभर पुढे होता."

"मी कर्णधार आहे. मला आठवतं तिथे मी ठेवणार."

"लबाडी करतोयस तू!"

हे ती नेहमीच्या आवाजात बोलली, म्हणजे गॅलरीत सगळ्यांनी ऐकलं. "लबाडी! लबाडी!" सुरू झालं. आमच्याच बाजूने एक म्हातारा ओरडला, "औषधवाल्या, लाज वाटत नाही?" क्लिफर्ड माझा दंड धरून म्हणाला, "काय करतोस मूर्खा, आपण जिंकलोय!" फादर म्हणाले, "शनिवारी ये पापनिवेदनाला. लवकर ये, वेळ लागेल." जगात कर्लिंग सुरू झाल्यापासून हरण्यासाठी लबाडी करताना पकडला गेलेला बहुधा मी पहिलाच. चांगुलपणा करायला गेलो आणि गावासमोर चोर ठरलो.

गुद्रुन माझ्याजवळ आली. तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज खाली आणून ती म्हणाली, "रडीचा डाव नको, ओरेस्ट."

"अगं, पण मला हवंय तुझ्या आत्याचं नाव. खरंच हवंय आता."

"दगडाला झाडू लागला तर आधी हात वर करायचा, हे मला कुणी शिकवलं? तिनेच ना? मग तिचं नाव मी असं घेऊन घरी जाऊ? कबरीतून उठून येईल आणि मला बर्फावरून हाकलून देईल." तिने पायाने माझा दगड सरकवत सरकवत हातभर पुढे नेला, मान तिरकी करून पाहिलं, पुन्हा बोटभर हलवला. "हं. इथे होता."

इथेच होता. बोटभराचाही फरक नव्हता. तिने हातमोजा काढून हात पुढे केला. "छान खेळलास," ती म्हणाली. हे मात्र ती साफ खोटं बोलली.

अध्यक्ष या नात्याने निकाल सांगायला क्लिफर्डने ध्वनिक्षेपक घेतला. "मंडळी, सामना मेल्निचुकांच्या संघाने जिंकलेला आहे. त्यामुळे मुलीचं नाव... मुलीचं नाव पॅरा... पॅरॅस..." आठ डाव तो या नावासाठी जिवाच्या आकांताने खेळला होता आणि ते त्याला म्हणता येत नव्हतं. त्याने दुसऱ्यांदा प्रयत्न केला. मला माहीत होतं, तिसऱ्या वेळी काय होतं ते.

"दे इकडे," गुद्रुन म्हणाली आणि तिने ध्वनिक्षेपक त्याच्या हातातून काढून घेतला.

"माझ्या मुलीचं नाव," ती म्हणाली, "पारास्केविया."

ती ते नाव आजी म्हणायची तसं म्हणाली. 'र' तसाच जिभेवर फिरवलेला, जोर तिथेच दिलेला. मला स्वतःलाही ते तसं येत नाही. माझी जीभ इथल्या शाळेत मोडली. कर्ण्यातून ते नाव छपराला लागलं आणि सगळ्या गावाच्या डोक्यावर खाली आलं. मी वळून गॅलरीकडे पाहिलं. ओल्हामावशी उभी राहून एका हाताने छातीवर क्रूस करत होती आणि दुसऱ्या हाताने बाळ सावरत होती.

"मी शिकवलं!" ती रडत रडत ओरडली. "रोज दुपारी यायची माझ्याकडे! म्हणायची, मावशी, मी हरले तर मला हे चुकीचं म्हणायचं नाही!"

म्हणजे दुपारचा सराव तो हा होता. मी तिथेच बर्फावर खाली बसलो. थंड होता, पण उठवेना.

मावशीच्या ओरडण्याने मुलगी दचकून जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं. ते रडणं असं होतं, की किटली, टाळ्या, क्लिफर्डची नाराजी, सगळं त्याखाली बुडालं. या मांडीवरून त्या मांडीवर, पिरोगीवाल्या बायकांकडून केकवाल्या बायकांकडे, कुणाकडेच ती थांबेना. गुद्रुनच्या हातात ध्वनिक्षेपक तसाच होता. तिने वर गॅलरीकडे पाहिलं आणि झाडू थांबवायला वापरते त्या आवाजात, कर्ण्यातून, म्हणाली:

"पारास्केविया! बस्स!"

मुलगी गप्प झाली. अख्खा क्लब गप्प झाला. पाद्री आइनारांनी चुकून हातातला झाडू खाली ठेवला.

या गावात माझ्या आजीला कुणी कधी तिच्या नावाने हाक मारली नव्हती. माझी मुलगी पहिल्याच दिवशी त्या नावाने भर गावासमोर ओरडा खाऊन बसली होती, आणि तिच्या आईचं एक अक्षरही चुकलं नव्हतं.